किरकोळ जिन्नस आणि क्रांती

क्रांतीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात एक ठरलेला श्रेणीक्रम आढळतो. प्रथम तत्त्वज्ञ, मग पुढारी, मग जमाव, आणि सर्वांत शेवटी, जागा उरलीच तर, माणसे काय खात होती, काय नेसत होती, एकमेकांना कशी हाक मारीत होती याची एखादी तळटीप. फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाबतीत तर हा क्रम इतक्या निष्ठेने पाळला गेला आहे की, व्होल्तेर-रूसोपासून निघालेला विद्यार्थी बास्तीलवरून थेट गिलोटीनपाशी पोहोचतो आणि वाटेत त्याला एकही स्वयंपाकघर लागत नाही. दैनंदिन जीवन हे क्रांतीचे नेपथ्य, नाट्य अन्यत्र घडते, अशी यामागची समजूत आहे. ती चुकीची आहे. आणि तिचा उगम इतिहासकारांच्याही आधी खुद्द क्रांतीच्या एका थोर पुढाऱ्यापर्यंत जातो.

फेब्रुवारी १७९३ मध्ये पॅरिसच्या परटिणी राष्ट्रीय परिषदेपुढे तक्रार घेऊन आल्या. पूर्वी चौदा सूंना मिळणारा पौंडभर साबण बावीस सूंवर गेला होता. दुसऱ्या दिवशी शहरातील किराणा दुकानांपुढे गर्दी जमली. साखर, साबण, मेणबत्त्या हे जिन्नस लोकांनी, आणि त्यांत बहुसंख्येने स्त्रियांनी, स्वतः ठरवलेल्या भावाने विकायला लावले. काही ठिकाणी लूट झाली, पण अनेक ठिकाणी पैसे मोजून दिले गेले. त्याच संध्याकाळी जाकोबँ मंडळात बोलताना रोबेस्पिएरने खंत व्यक्त केली ती अशी की, जनता उठते तेव्हा तिच्यापुढे तिला शोभेल असे ध्येय असावे. असल्या क्षुद्र मालासाठी तिने का उठावे? हा मनुष्य एका सुताराच्या घरी भाड्याने राहत होता, साधेपणाने जगत होता आणि जनतेवरील त्याचे प्रेम खोटे नव्हते. तरीही साबण त्याला क्षुद्र वाटला, कारण त्याचे कपडे दुसरे कोणी धूत होते.

सात महिन्यांनी, २९ सप्टेंबर १७९३ रोजी, त्याच परिषदेला कमाल किंमतीचा सर्वसाधारण कायदा करावा लागला. त्यातील यादी विद्यार्थ्यांनी एकदा तरी नजरेखालून घालावी: लोणी, खारवलेले मांस, मासे, जळाऊ लाकूड, मीठ, साखर, कातडे, लाकडी जोडे, मेणबत्त्या आणि साबण. जे जिन्नस फेब्रुवारीत जनतेला न शोभणारे होते ते सप्टेंबरात प्रजासत्ताकाच्या कायद्याचे कलम बनले. भाव १७९० च्या पातळीवर एकतृतीयांश वाढ धरून बांधले गेले आणि मजुरी त्याच वर्षाच्या पातळीवर निम्म्याने वाढवून. राज्यघटना, नागरिकत्व, सार्वभौमत्व या कल्पना मोठ्या खऱ्या. परंतु सार्वभौम जनता म्हणजे कोण, हा प्रश्न त्या वर्षी वाण्याच्या तागडीपाशी सोडवला गेला. परटिणींना रूसो ठाऊक असण्याची गरज नव्हती.

या म्हणण्यावर पोटार्थीपणाचा आरोप नेहमी येतो: म्हणजे क्रांती केवळ भुकेने झाली काय? नाही. भूक फ्रान्सला नवी नव्हती. १७८९ च्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये चार पौंडी पावाचा भाव साडेचौदा सूंपर्यंत चढला, तेव्हा बांधकामावरील साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू होती, आणि मुलेबाळे असलेल्या घरात तो पाव दीड-दोन दिवसांपलीकडे पुरत नसे. असे दुर्भिक्ष आधीही येऊन गेले होते. नवीन होते ते त्या भुकेने काढलेले अनुमान. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी बाजारातील स्त्रिया व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला, राणीला व राजपुत्राला पॅरिसला घेऊन आल्या. वाटेत त्यांनी या तिघांना भटारी, भटारीण आणि भटाऱ्याचे पोर म्हटले, ही हकीकत गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यातील राजकीय सिद्धान्त कोणी वाचत नाही. राजाचे कर्तव्य पाव पुरवणे हे आहे, तो दूर राहिला तर कर्तव्य चुकवतो, म्हणून त्याला नजरेसमोर ठेवले पाहिजे: राजसत्तेच्या उत्तरदायित्वाविषयी इतके स्पष्ट प्रतिपादन त्या वर्षीच्या अनेक पुस्तिकांतही सापडणार नाही.

दुसरा पक्ष अधिक सुसंस्कृत आणि म्हणून अधिक घातक आहे. तॉकव्हीलने १८५६ मध्ये दाखवून दिले की, क्रांतीने निर्माण केले असे मानले जाणारे केंद्रीकरण जुन्या राजवटीतच वाढीला लागले होते. त्याचा मुद्दा शासनयंत्रणेपुरता फार मोलाचा आहे. मात्र त्याचे नाव घेऊन पुढे जी सुभाषिते रूढ झाली, की वादळ समुद्राच्या पृष्ठभागावरच असते, सामान्य माणूस पेरतो, कापतो, लग्न करतो, मरतो, राजे येतात नि जातात, ती सुभाषिते आळशी आहेत. माणूस लग्न करतो हे खरे. पण कोणापुढे करतो आणि ते मोडता येते की नाही, हे राजवटीवर अवलंबून असते.

२० सप्टेंबर १७९२ ही तारीख पाठ्यपुस्तकांत वाल्मीच्या लढाईसाठी आहे. प्रशियाच्या सेनेबरोबर गटे तेथे हजर होता, त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही ती ठाऊक असते. त्याच दिवशी पॅरिसमध्ये मावळत्या विधिमंडळाने दोन गोष्टी केल्या. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चकडून काढून नगरसंस्थेकडे दिली, आणि घटस्फोट कायदेशीर केला. तोही कसा? नवरा आणि बायको यांना समान हक्क देऊन. परस्परसंमतीने, आणि स्वभाव न जुळणे एवढ्या एकाच्या तक्रारीवरूनही. शहरांतील जे अर्ज अभ्यासले गेले आहेत त्यांत एकतर्फी मागणी करणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या लक्षणीयरीत्या अधिक आहे. मारहाण, परागंदा झालेला नवरा, उधळलेला हुंडा, हे त्यांचे विषय. जानेवारी १७९४ च्या कायद्याने वारसांत समान वाटणी सक्तीची केल्यावर बहिणींनी भावांवर दावे लावले. समुद्राचा केवळ पृष्ठभाग हलला असता तर नेपोलियनला १८०४ च्या संहितेत हे सारे पुन्हा आवळण्याचे कारण पडले नसते. तेथे बायकोचा व्यभिचार नवऱ्याला पुरेसे कारण ठरला. बायकोला मात्र नवऱ्याने रखेल राहत्या घरातच आणून ठेवल्याचे सिद्ध करावे लागे. १८१६ मध्ये घटस्फोट पूर्णतः रद्द झाला, १८८४ मध्ये तो परतला, आणि परस्परसंमतीचा घटस्फोट फ्रान्समध्ये पुन्हा यायला १९७५ साल उजाडले. जे हिरावून घ्यायला इतकी शक्ती खर्च झाली ते मुळात घडलेच नव्हते, असे म्हणणे धाडसाचे आहे.

तथापि क्रांतीने जे जे दैनंदिन केले ते ते टिकले असा उलट भाबडेपणाही नको. पंचांगाचेच पाहावे. २२ सप्टेंबर १७९२ पासून नवे युग धरले गेले. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर ओवाळणीचे पाच-सहा दिवस. फाब्र देग्लांतीन या नाटककाराने महिन्यांना ऋतूंवरून सुरेल नावे दिली. संतांना निरोप मिळाला. पहिला दिवस द्राक्षाचा, पाचवा घोड्याचा, दहावा द्राक्षे तुडवण्याच्या पिंपाचा. ही योजना काव्यदृष्ट्या मनोहर होती, यात वाद नाही. चैत्र-वैशाखाशी ओळख असलेल्या वाचकाला तर ती परकी वाटायला नको. पण सुंदर नावांखाली एक हिशेब दडला होता. पूर्वी सातव्या दिवशी विसावा होता, आता तो दहाव्या दिवशी आला. शिवाय सणवार गेले. कष्टकऱ्याने कविता बाजूला ठेवून सुट्ट्या मोजल्या. गावोगावी रविवार गुपचूप चालू राहिला आणि १ जानेवारी १८०६ पासून जुने पंचांग अधिकृतपणे परत आले. दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे तर ७ एप्रिल १७९५ लाच स्थगित झाली. ज्या कायद्याने ती स्थगित झाली त्याच कायद्याने मीटर, लिटर आणि ग्रॅम प्रस्थापित केले. आणि हे मात्र, नेपोलियनच्या काळात मागे सरून, १८४० पासून फ्रान्समध्ये सक्तीने व पुढे जगभर रुजले. दोन्ही सुधारणा बुद्धिवादीच होत्या. फरक इतका की, गावागणिक बदलणाऱ्या मापांनी शेतकऱ्याला जमीनदाराच्या कोठीवर पिढ्यान्‌पिढ्या नागवले होते. १७८९ च्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत एकच माप असावे ही मागणी त्यानेच लिहवली होती. रविवार बदला, असे कोणीच म्हटले नव्हते. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर शेर-पायली बाजारातून गेली, बोलीत पावशेर उरला. फ्रान्समध्येही अर्ध्या किलोला अजून जुन्याच पौंडाचे नाव घेतात.

येथे अलीकडच्या एका फॅशनचाही समाचार घेणे प्राप्त आहे. गेल्या काही दशकांत दैनंदिन जीवनाचा इतिहास विद्यापीठांत प्रतिष्ठित झाला, हे स्वागतार्हच. पण टोप्या, कॉकेड, पंखे, पत्त्यांवरून पुसलेले राजे-राण्या यांची रंगीत जंत्री देऊन सत्तेचा प्रश्न टाळता येतो, असा शोध त्यातील काहींना लागला आहे. क्रांतीतील कपडा कधीच निरागस नव्हता. २९ ऑक्टोबर १७९३ रोजी परिषदेने ठरवले की, कोणत्याही नागरिकाला विशिष्ट पोशाखाची सक्ती करता येणार नाही. केवढे हे स्वातंत्र्य! प्रसंग मात्र असा होता की, क्रांतिवादी स्त्रियांचे मंडळ आणि बाजारातील स्त्रिया यांच्यात लाल टोपीवरून मारामारी झाली होती. फाब्रने, त्याच ऋतूंच्या कवीने, भीती घातली की आज टोपी मागतात, उद्या कमरपट्टा मागतील, मग पिस्तुले. दुसऱ्याच दिवशी स्त्रियांची सर्व मंडळे बंद करण्यात आली, आणि ३ नोव्हेंबरला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलँप द गूज गिलोटीनवर गेली. तिच्यावरचा आरोप निराळा होता, आठवडा तोच होता. पोशाखाच्या इतिहासात पहिली तारीख नोंदवून दुसरी वगळणारा अभ्यासक टोपीसुद्धा समजलेला नसतो.

कादंबरीकारांनी या बाबतीत इतिहासकारांपेक्षा बरे काम केले, पण तेही सारखे नव्हे. डिकन्सला सँ-आंतवान वस्तीची भूक दिसली; रस्त्यावर फुटलेल्या पिंपातील दारू ओंजळीने पिणारी माणसे त्याने विसरता येणार नाहीत अशी उभी केली. पण १८५९ च्या त्या कादंबरीने भारतीय वाचकाच्या मनात क्रांतीतील स्त्री म्हणून जी प्रतिमा कायमची रोवली ती विणकामात मृत्यूची यादी गुंफणाऱ्या मादाम दफार्जची. सभागृहाच्या सज्जात विणत बसणाऱ्या बायका खरोखरच होत्या. त्या विणत, कारण कामावाचून बसणे त्यांना परवडत नव्हते. आणि बसत, कारण साबण-पावाचा निर्णय खाली होत होता. १७९४ च्या डिसेंबरात कमाल किंमतीचा कायदा रद्द झाला, कडक हिवाळा आला, पॅरिसचा पावाचा वाटा काही दिवशी मूठभरावर आला, आणि मे १७९५ मध्ये पाव व १७९३ ची घटना अशी जोडमागणी टोप्यांवर लिहून जमाव परिषदेत घुसला. तो मोडल्यावर स्त्रियांना सज्जाची दारे बंद झाली, आणि रस्त्यात पाचांहून अधिक स्त्रिया एकत्र दिसल्यास अटकेचा हुकूम निघाला. विणणाऱ्या स्त्रीची खरी शोकांतिका ही. डिकन्सच्या पुस्तकात तिला जागा नाही. आनातोल फ्रान्सने १९१२ मध्ये लिहिलेल्या क्रांतीवरील कादंबरीत मात्र नायक पावाच्या रांगेत उभा राहतो, मिळालेल्या पावातला अर्धा एका भुकेल्या आईला देऊन टाकतो, आणि पुढे न्यायपंच होऊन निरपराधांना मृत्यूकडे पाठवतो. दोन्ही कृती एकाच सद्भावनेतून येतात. या कादंबरीची दाहकता त्या रांगेवाचून उभीच राहिली नसती.

भारतीय विद्यार्थ्याची खास अडचण आणखी एक आहे. तो हा सारा काळ इंग्रजीतून वाचतो, आणि इंग्रजीत एकच सर्वनाम आहे. ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी परिषदेपुढे अर्ज आला की, एका व्यक्तीला अनेकवचनी संबोधन करणे बंद व्हावे, सर्वांनी सर्वांना तूच म्हणावे. कायदा झाला नाही. पण समित्यांच्या पत्रव्यवहारात, दुकानांत, पलटणींत काही काळ तू रूढ झाला आणि १७९४ नंतर ओसरला. इंग्रजी ग्रंथांत हा प्रसंग क्रांतीच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून दोन ओळींत येतो. मराठी वाचकाने तो तसा का स्वीकारावा? अरेतुरे आणि अहोजाहो यांची तलवार ज्या भाषेत घरोघरी चालते, जिथे सर्वनामावरून जात, वय, पगार आणि माहेर-सासर कळते, तिथे मालकाच्या तोंडी चाकराला तू जुनाच. चाकराच्या तोंडून मालकाला निघालेला तू म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागू नये. ज्या समाजात जोहार जाऊन जय भीम आला, त्याला संबोधन क्षुल्लक असते असे सांगण्याची कोणाची प्राज्ञा आहे? टॉमस पेन १७९२ मध्ये फ्रेंच परिषदेचा सदस्य म्हणून निवडून आला होता. त्याच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा संस्कार घेतलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि लागलीच हात घातला तो भटावाचून लावायच्या लग्नाला. पुण्यातील प्रतिष्ठितांना तेही किरकोळ वाटले होते, आणि तरी ते त्यावर संतापले होते.

फ्रेंच राज्यक्रांतीवरील मराठी पुस्तकांत नागरिक हा शब्द शेकडो वेळा येतो. तो एकमेकांशी बोलताना तू म्हणतो, तुम्ही म्हणतो की आपण, हे ठरवण्याची तसदी त्यांपैकी फार थोड्यांनी घेतली आहे. इंग्रजी मजकुरात जे नव्हते ते अनुवादात उतरले नाही, आणि दान्तोंला त्याचा न्हावीही मराठीत अहो दान्तों म्हणूनच हाक मारतो.