बटण दाबण्याआधी शेतकरी का थांबतो?



ऊस नोंदणी मोबाईलवरून सुरू झाल्यापासून आमच्या शेतकी खात्यात एक वाक्य वारंवार कानावर पडते. ‘आपल्या लोकांना नवीन काही नकोच असतं हो!’ गट ऑफिसात चहा पिताना हे वाक्य कोणी तरी टाकतो आणि बाकीचे माना हलवतात. मीही पूर्वी मान हलवीत होतो. आता मला ते वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही ते आपल्यासमोर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला सभासद नवीन गोष्टीला भिणारा असता तर १९९६ साली शिफारस झालेली को ८६०३२ ही जात आज आपल्या शिवारात दिसली नसती. पुढे फुले २६५ आली, तिचे बेणे मिळविण्यासाठी लोकांनी पाडेगावपर्यंत हेलपाटे घातले. दंडाने पाणी देणारी माणसे ठिबकवर आली. पट्टा पद्धत आली, रोपलागण आली. हे सर्व करणारा शेतकरी हाच आणि मोबाईलवर नोंदणी करताना अंगठा अधांतरी धरून बसणारा शेतकरीही हाच. मग फरक माणसात नाही, फरक त्या दोन गोष्टींत आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे.

कृषी पदविकेला आम्हाला विस्तार शिक्षण हा विषय होता. त्यात अमेरिकेतील आयोवा राज्याचे एक उदाहरण शिकवीत. तेथे संकरित मक्याचे बियाणे आले, तेव्हा ते कोणी केव्हा स्वीकारले याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी केला व १९४३ साली प्रसिद्ध केला. दोनशे एकोणसाठ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी ते बियाणे अखेर घेतले, पण त्याला बारा-तेरा वर्षे लागली. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण खात्री पटली ती शेजाऱ्याकडे पाहून. आणि बहुतेकांनी पहिल्याच वर्षी सगळे रान त्याखाली घातले नाही. थोड्या जमिनीवर करून पाहिले, मग वाढविले.

आपल्याकडेही तसेच झाले. नव्या जातीचे बेणे आधी दहा गुंठ्यांत गेले. बांधावरून शेजाऱ्याने पाहिले, कांडी हातात धरून पाहिली, फुटवे मोजले. जमले तर पुढच्या साली एकर. फसले तर दहा गुंठेच फसले.

आता मोबाईलचे पाहा. येथे दहा गुंठ्यांची सोय नाही. पहिल्यांदा दाबलेले बटण हेच खरे बटण. आणि शेजारी मोबाईलवर काय करतो ते बांधावरून दिसत नाही. त्याला जमले की फसले, हे तो सांगेल तेव्हाच कळणार, आणि फसलेला माणूस सहसा सांगत नाही. म्हणजे ज्या दोन पायऱ्या चढून आपला शेतकरी नव्या गोष्टीकडे जातो, थोडे करून पाहणे आणि दुसऱ्याचे पाहणे, त्या दोन्ही येथे गायब. मग तो उंबऱ्यावर थांबला तर नवल ते काय!

यंत्र लोक का वापरतात आणि का वापरीत नाहीत यावरही पुष्कळ अभ्यास झाला आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ साली सांगितले की माणूस मनाशी दोन प्रश्न विचारतो: याचा मला उपयोग काय? आणि हे वापरायला सोपे आहे का? आइझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ च्या लेखात आणखी दोन गोष्टींवर भर दिला. माझी जवळची माणसे काय म्हणतील, आणि हे माझ्या हातून होईल असे मला वाटते का? पुस्तकातले हे चारही प्रश्न आपल्या पारावर रोज ऐकू येतात, फक्त बोली वेगळी.

उपयोगाचा प्रश्न: ‘चिटबॉय बांधावर येऊन लिहून नेत होता, त्यात काय वाईट होतं?’ सोपेपणाचा प्रश्न: ‘उन्हात फोन दिसत नाही, अन् रानात रेंज नाही.’ जवळच्या माणसांचा प्रश्न: ‘पोरगं म्हणतंय, आबा तुम्ही हात लावू नका, मी करतो.’ आणि चौथा प्रश्न सर्वांत नाजूक. एका जुन्या सभासदाने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘सायब, चार माणसांत चष्मा लावून फोन चाचपडायचा, पोरं हसत्यात. त्यापेक्षा नगं वाटतंय.’ चाळीस साली ऊस पिकविलेल्या माणसाला नातवाच्या वयाच्या पोरासमोर अडाणी ठरायची पाळी येते. ही लाज आम्ही कोणत्याच तक्त्यात मांडीत नाही.

परंतु माझ्या अनुभवाने या चारांच्याही तळाशी पाचवा प्रश्न आहे, आणि तोच मुख्य आहे: चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची?

यावर मी माझीच एक चूक सांगतो.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासद भगिनीचा दीड एकर आडसाली ऊस होता. नवरा वारलेला, शिकणारी एक मुलगी. ‘सगळं ऑनलाईन झालंय’ असे ऐकून तिने शेजारच्या मुलाकडून नोंदणी करून घेतली. त्याने लागण जुलैऐवजी ऑक्टोबरची टाकली आणि मोबाईल नंबर स्वतःचा दिला. वाईट हेतू काही नव्हता. तिच्याकडे साधा फोन, म्हणून आपला दिला. नोंदणी झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर आला. पुढे तो कामासाठी पुण्याला गेला. आडसालीचा ऊस कारखान्याच्या कागदावर पूर्वहंगामी होऊन बसला.

तोडणी कार्यक्रमात तिचा नंबर मागे गेला. जानेवारीत ती गट ऑफिसात आली. म्हणाली, ‘माझ्या मागून लावलेल्यांचा गेला, माझा उभाच हाय.’ मी संगणकात पाहिले आणि सांगितले, ‘बाई, नोंद ऑक्टोबरची आहे.’ ती म्हणाली, ‘नोंद काय बी असू द्या, ऊस जुलैचा हाय.’ मी पुन्हा तेच सांगितले. ती उठून गेली.

बंधूंनो, या धंद्यात माझी वीस वर्षे गेली. रानात जाऊन कांड्या मोजल्या असत्या तरी ऊस कोणत्या महिन्याचा ते मला कळले असते. मी गेलो नाही. पडद्यावरच्या तारखेवर विश्वास ठेवला, समोर बसलेल्या सभासदावर ठेवला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस त्या शिवारात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा तिचा ऊस पाहिला. तुरा येऊन गेलेला, वाढे वाळलेले. तोड मार्चमध्ये झाली. वजन घटले ते घटलेच, आणि रान रिकामे व्हायला उशीर झाल्याने खोडवाही मागे पडला. आणि माझ्या अहवालात ती नोंद ‘मोबाईलवरून नोंदणी पूर्ण’ या रकान्यात होती. यशस्वी म्हणून!

तेव्हा माझे मत असे झाले आहे की किती जणांनी वापरले या आकड्यावरून लोकांनी ते मनापासून स्वीकारले असे समजणे ही आपली फसगत आहे. निम्म्या नोंदी दुसऱ्याच्या हाताने आणि दुसऱ्याच्या फोनवरून होत असतील, तर सभासद मोबाईलवर आला नाही; तो आणखी एका मध्यस्थाच्या दारी गेला.

आपल्या भागाला नोंदीचे महत्त्व कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी होतो. ढिगाऱ्यातून भांडी काढावीत तशी लोक कागदाची ट्रंक काढीत होते, हे डोळ्यांसमोर आहे. सातबारा, पासबुक, रेशनकार्ड. पुढे घर मिळाले ते यादीत नाव होते म्हणून. ज्याने ते दिवस पाहिले, त्याची कागद हातात धरण्याची सवय ही अडाणीपणाची खूण नव्हे. उलट, याच आठवणीची दुसरी बाजूही आहे. जी नोंद ढिगाऱ्यात गाडली जात नाही, पावसात भिजत नाही, ती आपल्या कामाची आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा त्याचा उपयोग पटवून द्यावा लागला नाही. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, हे प्रत्येकाला आपल्या चपलेवरून कळले.

विश्वासाचेही असेच. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतला जात होता, हे त्यामागचे दुखणे. (आपला मुलूख तेव्हा निजामाकडे होता, पण अंगठ्याचे दुखणे इकडेही निराळे नव्हते.) १८७९ चा कायदा आला, त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी तरतूद झाली. कागदावर विश्वास ठेवा, असे भाषण करून विश्वास बसत नसतो. चूक वा लबाडी झाली तर विचारणारा कोणी तरी आहे, अशी व्यवस्था असावी लागते.

आज ओटीपी म्हणजे तोच अंगठा आहे. ‘काका, आलेला नंबर सांगा’ म्हटले की आपण सांगून मोकळे होतो. पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोटी फाईल येते, ती उघडली की खाते रिकामे होते, अशा बातम्या आपण वाचतो. शेजारच्या गावात असे घडल्याचे ऐकून जो माणूस बटणापाशी थांबतो, तो मागासलेला नाही. तो सावध आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो.

पण नुसते थांबूनही भागणार नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. पीक पाहणी राहिली तर सातबारावर पिकाची नोंद राहते, आणि मग कर्ज, विमा, नुकसानभरपाई सर्वत्र अडते. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीने काय केले ते सांगायला नको; मदतीचे पैसे थेट खात्यात येतात, म्हणजे खाते, आधार आणि मोबाईल यांची गाठ नीट हवी. साखर आयुक्तालयानेही २०२२ साली ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले. वारे कोणत्या दिशेचे आहे ते उघड आहे. वाऱ्याकडे पाठ करून उफणणी होत नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे मी माझी मते ठेवतो. ही माझी वैयक्तिक मते आहेत. वार्षिक सभेत त्यावर चर्चा व्हावी.

कारखान्याने करावयाचे:

१. मोबाईलवर झालेल्या प्रत्येक नोंदीची मराठीत छापील पोच सभासदाच्या हातात पडावी. तीत गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख व मोबाईल नंबर स्पष्ट असावा.

२. पोच मिळाल्यापासून पंधरा दिवस दुरुस्तीची मुदत असावी. दुरुस्ती कोण करणार त्याचे नाव गट ऑफिसच्या भिंतीवर लिहावे. नुसते ‘संबंधित विभाग’ नको.

३. सभासदाचे म्हणणे आणि संगणकातील नोंद जुळत नसेल तर आठ दिवसांच्या आत शेतकी कर्मचाऱ्याने रानात जाऊन ऊस पाहावा. निकाल रानात लागावा, टेबलावर नव्हे. हा नियम सर्वप्रथम मला लागू करावा.

४. हंगामाआधी प्रत्येक गटात ‘सराव नोंदणी’ ठेवावी. सभासदाने स्वतःच्या हाताने खोटी नोंद करावी, चुकवावी, पुसावी, पुन्हा करावी. हेच आपले दहा गुंठे. महिला सभासदांचा सराव वेगळा ठेवावा आणि शिकविणारी शक्यतो गावातलीच मुलगी असावी. हसणारे कोणी तेथे नसावे.

५. कागदी नोंदणीची खिडकी निदान पुढचे दोन हंगाम उघडी राहावी. शंभर टक्के मोबाईल नोंदणीचे उद्दिष्ट आमच्या खात्यावर लादू नये. लादले की आम्ही आकडा पुरा करतो, माणूस मागे राहतो.

सभासदांनी करावयाचे थोडेच आहे, पण ते टाळू नये:

नोंद कोणीही करून दिली तरी नंबर स्वतःचा किंवा स्वतःच्या घरातला द्यावा. ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, द्यायलाच लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा; जितका उशीर तितका पैसा लांब जातो. आणि ज्याला जमले त्याने शेजाऱ्याला दाखवावे. नव्या जातीचे बेणे आपण एकमेकांना दिले, तसेच हेही द्यावे.

राहता राहिली ती भगिनी. तिने यंदा पुन्हा ऊस लावला आहे. नोंदणीला ती मुलीला घेऊन स्वतः गट ऑफिसात आली. मुलीने फोनवर सर्व भरले, तारीख दोनदा वाचून दाखविली. मी पोच छापून दिली. तिने ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि विचारले, ‘सायब, अवंदा रानात येऊन बघशाल ना?’

मी ‘होय’ म्हणालो. आणि पुढच्याच आठवड्यात जाऊन आलो.

आपला,
ऊस विकास अधिकारी
सास्तूर गट