सरईच्या किड्यावर आयुष्य घालवलेली माणसं

आमच्या वाङ्मय मंडळाचं अर्धं कॅलेंडर जयंती-पुण्यतिथ्यांतच भरतं. शास्त्रज्ञांची पाळी आली की रामन, भाभा, कलाम. बस, संपलं. झाडाच्या सालीखालचा किडा बघत आयुष्य काढलेला माणूस कुणाच्याच यादीत नसतो. यंदा नोव्हेंबरात चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचली जात होती, तेव्हा मला वाटलं, निदान मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपण मराठी मंडळींनी तरी अशी दोन-तीन नावं आपल्या यादीत घ्यायला हवीत.

मी बोलतेय सालाच्या जंगलांबद्दल. (मराठीत साल म्हणजे वर्ष, साल म्हणजे झाडाचं कातडं आणि साल म्हणजे हे झाडसुद्धा! म्हणून पुढे मी मंडल्याकडचा शब्द वापरते: सरई.) आपल्या इंदूरच्या बाजूला सागवान, सरई बघायची तर मंडला, डिंडोरी, अमरकंटक गाठावं लागतं. तिचा मोठा शत्रू म्हणजे एक भुंगेरा. शास्त्रीय नाव होप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस, हिंदी पेपरांत ‘साल बोरर’. पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडतात, मादी बुंध्यावर अंडी घालते. अळी आधी सालीखालचा थर खाते, मग गाभ्यात बोगदा काढते, आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. जोमदार झाड राळ सोडतं, त्या राळेत कोवळ्या अळ्या बुडून मरतात. पण किडे फार झाले तर राळही पुरी पडत नाही. १९२०च्या दशकात मध्य प्रांतात, म्हणजे राजधानी नागपूर असलेल्या प्रांतात, अशी मोठी साथ आली होती. १९९०च्या दशकात मंडला-डिंडोरीकडे पुन्हा आली आणि लाखो झाडं गेली.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते बसून पाहिलं. १९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था निघाली, तिथे एडवर्ड स्टेबिंग पहिले वनप्राणिशास्त्रज्ञ झाले. १९१४ मध्ये त्यांनी भारतातल्या जंगली भुंगेऱ्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्यानंतर आले सी. एफ. सी. बीसन. भारत आणि शेजारच्या देशांतल्या वनकीटकांवरचं त्यांचं १९४१चं पुस्तक अजून संदर्भाला घेतलं जातं. झाडांवर गाठी आणणाऱ्या किड्यांच्या एका प्रजातीचं नावच ‘बीसोनिया’ आहे. निवृत्तीनंतर हेच गृहस्थ जुन्या घड्याळांच्या मागे लागले आणि इंग्लंडमधल्या चर्चच्या घड्याळांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९७५ मध्ये ते वारले. आणि आपल्या जोधपूरचे मिथनलाल रूनवाल (१९०८–१९९०). वाळवीचे मोठे अभ्यासक, पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक. त्यांनी १९७८ मध्ये याच सरईच्या किड्यावरच्या संशोधनाचा आढावा लिहिला.

माझी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, इंग्रज सरकारचे नोकर ते, त्यांना रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवं होतं.” बरोबर आहे. ते जंगलाचे संत नव्हते आणि त्यांना तसं करूही नये. सरकारला लाकडाचा हिशोब हवा होता, पण तो मांडता मांडता त्यांनी झाडाकडे नीट पाहिलं. ते पाहणं आजही कामाला येतं. १९९०च्या दशकातल्या साथीत सगळ्यात मोठा वाद हाच होता की किती झाडं तोडायची. कीड लागलेली प्रत्येक सरई मरत नाही. कोणती राळेच्या जोरावर सावरेल आणि कोणती गेली, हे ओळखता आलं नाही तर किड्यापेक्षा कुऱ्हाडच जास्त झाडं खाते. या माणसांना विसरण्याची किंमत झाड देतं, असं मी म्हणते ती यासाठी.

यादीत आणखी काही माणसं हवीत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची जास्त ओढ आहे. ताज्या तोडलेल्या सरईच्या रसाचा वास भुंगेऱ्यांना लांबून ओढतो. म्हणून पावसाळ्यात काही झाडं मुद्दाम पाडून त्यांचे ओंडके करतात, साल ठेचून ठेवतात, आणि रस प्यायला आलेले भुंगेरे वेचून मारतात. ही ‘सापळा-झाडा’ची पद्धत बीसनच्या पुस्तकांत शोभते, पण भर पावसात चिखलात बसून भुंगेरे वेचले ते गोंड-बैगा गावांतल्या माणसांनी. त्यांना पैसे मिळायचे ते किड्यामागे मोजून.

मारुती चितमपल्लींनी मराठीला पक्षीकोश दिला. किड्यांच्या बाबतीत आपण अजून ‘किडा’ आणि ‘भुंगा’ यांच्यापुढे फारसे सरकलेलो नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांना करण्यासारखं काम इथे पडलेलं आहे, आणि त्यासाठी बॉटनीची डिग्री लागत नाही.

आपल्या कॉलेजात मंडला, डिंडोरी, बालाघाटकडची मुलं-मुली आहेत. तुमच्या घरी, शेजारी त्या साथीत भुंगेरे वेचलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा: दिवसाला किती मिळायचे, वास कसा यायचा, पैसे हातात कधी पडायचे. हिंदीत सांगा, गोंडीत सांगा, मराठीत आपण मिळून करू. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी ठेवा, असं मी संपादकांना सांगून ठेवलंय.