नव्या वाणाचा हक्क आणि त्याची मर्यादा

धान्याच्या दुकानीं 'एचएमटी' म्हणून जो बारीक तांदूळ मिळतो, तो वाण कोणीं शोधून काढला हें विचारणारें गिऱ्हाईक प्रस्तुत लेखकास ठाकूरद्वारीं अद्याप भेटलें नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांत, नांदेड नांवाचें खेडें आहे. (मराठवाड्यांतील नांदेड तें हें नव्हे.) तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं 'पटेल ३' जातीच्या भातांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या राखून, हंगामामागून हंगाम निवड करीत, त्यांनीं वाण स्थिर केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें नांव त्यास पडलें. १९९४ सालीं कृषि विद्यापीठानें त्याचें बियाणें नेलें, व १९९८ सालीं 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें वाण प्रसारित झाला. दादाजींस २००५ सालीं राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. मान मिळाला, वाणाच्या प्रसारांतून हक्काचा वांटा मात्र मिळाला नाहीं.

यांत विद्यापीठासच सर्व दोष देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. त्या वेळीं वाणावर कोणाचाच कायदेशीर हक्क नव्हता. 'पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम' झाला तो २००१ सालीं. वाण वेगळा, एकसारखा व स्थिर असल्यास त्याची नोंद होते; नोंदणाऱ्यास पिकांच्या बाबतींत १५ व झाडें आणि वेली यांच्या बाबतींत १८ वर्षेंपर्यंत उत्पादन व विक्रीचा हक्क मिळतो. आणि हा हक्क कंपनीस किंवा विद्यापीठासच आहे असें नव्हे; शेतकरी, शेतकऱ्यांचा समूह, यांसहि अर्ज करतां येतो व त्यांस फी माफ आहे.

लेखकाची नोकरी तहसील कचेरींत फेरफार तपासण्यांत गेली. जमिनीचा फेरफार मालकी उत्पन्न करीत नाहीं. नोंद चुकली तरी खरेदीखत हातीं असणारा कोर्टांत उभा राहूं शकतो. वाणाचें तसें नाहीं. येथें हक्क नोंदीनेंच उत्पन्न होतो. शेजाऱ्यांस पायली पायली बियाणें वांटून मोकळा झालेला शेतकरी पुढें कोणाकडे दाद मागणार? त्यांतहि नवा वाण म्हणून नोंद हवी असेल तर देशांत पहिली विक्री होऊन एक वर्ष लोटण्यापूर्वींच अर्ज गेला पाहिजे. आमचे बांधव हें एक वर्ष सहज घालवितात.

दुसऱ्या बाजूस, नोंद झालेल्या वाणाच्या धन्याचा हक्कहि अमर्याद नाहीं, व तो तसा नसावा. कलम ३९ अन्वयें शेतकऱ्यास संरक्षित वाणाचें बियाणेंहि राखतां, पेरतां, अदलाबदल करतां व विकतां येतें. मनाई आहे ती त्या वाणाचें नांव छापलेल्या पिशवींतून विकण्यास. २०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें आपल्या नोंदलेल्या बटाट्याबद्दल गुजराथेंतील कांहीं शेतकऱ्यांवर प्रत्येकीं एक कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले. ओरड होतांच ते त्याच वर्षीं मागें घेतले. पुढें प्राधिकरणानें २०२१ सालीं ती नोंद रद्द केली, व दिल्ली उच्च न्यायालयानें जानेवारी २०२४ मध्यें तो हुकूम फिरविला. कंपनीची नोंद राहिली, कलम ३९ हि राहिलें. तेव्हां समन्स आलें म्हणून घाबरून तडजोडीस जाऊं नये. प्रथम कलम दाखवावें. परदेशीं कित्येक ठिकाणीं घरचें बियाणें राखण्यावर बंधनें आहेत. तसा बदल येथें सुचविला गेल्यास आपल्या संस्थेनें लेखी हरकत नोंदवावी.

आमची सूचना एवढीच कीं, संस्थेनें येत्या खरिपापूर्वीं एक वही घालावी. ज्या सभासदाच्या शेतांत निराळें कणीस दिसेल त्याचें नांव, गांव, गट नंबर, मूळ वाण, निवडीचें वर्ष व पहिल्या विक्रीची तारीख दोन साक्षीदारांच्या सह्यांनीं तींत लिहावी. ही वही म्हणजे नोंदणी नव्हे, पण दिल्लीच्या प्राधिकरणाकडे अर्ज करतांना हीच माहिती मागतात, व ऐनवेळीं ती कोणाजवळहि नसते. वही लिहिण्याचें काम, संस्थेची अनुज्ञा असल्यास, लेखक विनावेतन करील.