बाबांची पाठ आणि माझी पाठ



परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ घुटमळत होता. हातातला डबा तसाच बंद. हळूच म्हणाला, "बाई, माझ्या बाबांची पाठ वाकतच नाही. मोठा झाल्यावर माझीपण तशीच होणार ना? आत्या म्हणते, हे घराण्यातलंच दुखणं आहे, सुटका नाही!"

त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

त्या आजाराचं नाव आहे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. हा पाठीच्या कण्याचा संधिवात. मणक्यांच्या सांध्यांना सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली, तर काहींचे मणके एकमेकांना जोडले जातात आणि पाठ काठीसारखी ताठ होते.

१९७३ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा ७५ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या ७२ जणांच्या पेशींवर एकच खूण सापडली: एचएलए-बी२७. आजार नसलेल्या ७५ जणांत मात्र ती फक्त तिघांकडे होती!

ही खूण म्हणजे जणू एक ताटली. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ताटलीत ठेवून दाराशी धरते. पहारेकरी पांढऱ्या पेशी ते पाहतात. घरचं असेल तर पुढे जातात, विषाणूचं असेल तर हल्ला करतात. ताटली कशी असावी हे सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं ठरवतात. माणसामाणसांत या ताटल्या वेगवेगळ्या असतात. हे बरंच आहे, कारण एकच जंतू सगळ्यांना फसवू शकत नाही. २००७ साली आणखी एका जनुकाचा संबंध कळला, इरॅप-१. ही तुकडे मापात कापणारी कात्री! ताटली आणि कात्री यांच्या जोडीत नेमकं काय बिघडतं, याचा शोध अजून चालू आहे.

मग या मुलाचं काय? बाबांकडे बी२७चं एक जनुक असेल, तर ते मुलाकडे येणं म्हणजे नाणेफेक, छापा किंवा काटा. आणि आलं तरी घाबरायचं कारण नाही. बी२७ असलेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही. घरात आजार असेल तर धोका वाढतो, पण तरीही बहुतेक जण सुटतात. म्हणजे वारशात येते ती शक्यता, आजार नव्हे!

आता दोन शब्द पालकांसाठी. या मुलाच्या बाबांना कॉलेजात असताना सकाळी उठवत नसे. घरचे म्हणत, "आळशी आहे!" खरं तर ती आजाराची सुरुवात होती. तरुणपणी सुरू झालेली पाठदुखी तीन महिन्यांहून जास्त टिकली, सकाळी पाठ आखडली, आणि आराम केल्यावर नव्हे तर हालचाल केल्यावर बरं वाटलं, तर संधिवाताच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. आज यावर चांगली औषधं आहेत, आणि रोजचा व्यायाम तर हवाच. लवकर कळलं तर पाठ ताठ होण्यापासून वाचवता येते.

आणि हो, मुलांनो, घरी एक नाणं वीस वेळा उडवा. किती वेळा छापा पडला, ते वहीत लिहा आणि भावंडांशी ताडून पाहा.

माझं बोलणं संपलं तेव्हा त्या मुलाने डबा उघडला. म्हणाला, "आज घरी गेल्यावर आत्याला सांगतो!"

तुमच्या बाई