मुलांचं मानसिक आरोग्य: अर्ध्यावर सुटलेली कुटुंबं अभ्यासाचा निकाल कसा बदलतात?

मुलांसाठी समुपदेशन केंद्र किंवा हेल्पलाइन सुरू झाली की, किती जणांनी लाभ घेतला हा आकडा लगेच मिळतो. त्या मुलांना खरंच बरं वाटलं का, हे कळायला मात्र त्याच मुलांना आणि पालकांना वर्षानुवर्षं भेटत राहावं लागतं. अडचण इथेच येते. अनेक कुटुंबं मध्येच येणं थांबवतात.

गळतीमुळे काय बिघडतं?

समजा, १०० मुलांवर उपचार सुरू झाले. दोन वर्षांनी ६० जणांची भेट झाली आणि त्यांतली ४५ मुलं सुधारलेली आढळली. अहवालात यश ७५ टक्के दिसेल. पण न भेटलेल्या ४० पैकी १०च मुलं सुधारली असतील, तर खरं यश ५५ टक्केच.

शिवाय गळती सगळीकडे सारखी होत नाही. वारंवार घर बदलणारे, एक दिवसाची मजुरी बुडवणं न परवडणारे, घरातल्या आजारपणाने थकलेले पालक आधी सुटतात. बऱ्याचदा मदतीची गरजही त्यांनाच जास्त असते.

पाठपुरावा केल्याने काय कळतं?

अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर १९९०च्या दशकात सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून मुलांच्या मानसिक आरोग्य सेवा एका छत्राखाली आणल्या गेल्या. संशोधकांनी तिथल्या आणि तुलनेसाठी निवडलेल्या इतर दोन तळांवरच्या मिळून ९८४ कुटुंबांचा अभ्यास केला. नव्या व्यवस्थेत सेवा जास्त मुलांपर्यंत पोहोचली, पालकही समाधानी होते. पण मुलांच्या प्रकृतीत इतर तळांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. फक्त पालकांचं समाधान मोजलं असतं, तर हे कळलंच नसतं.

कुटुंबं टिकतात कशी?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास सेवांचा नाही, पण माणसं टिकवण्यात तो आदर्श मानला जातो. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बाळांपासून तो सुरू झाला. वयाच्या ४५व्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के जण तपासणीला आले. परदेशी गेलेल्यांना प्रवासखर्च देऊन बोलावलं जातं आणि माहितीची गोपनीयता काटेकोरपणे पाळली जाते. २६व्या वर्षी मानसिक विकार असलेल्यांपैकी निम्म्या जणांना पंधरा वर्षांचे होण्याआधीच त्रास सुरू झाला होता, हे याच अभ्यासातून समोर आलं.

मात्र टिकवणं म्हणजे अडकवणं नव्हे. अभ्यास सोडला तर उपचार बंद होतील, अशी भीती पालकांना वाटता कामा नये. मुलाचं मतही महत्त्वाचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या परवानगीबरोबरच सात वर्षांवरील मुलांची संमतीही घ्यावी लागते.

भारताशी याचा संबंध काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ सुरू केलं. किती फोन आले, यावरून सेवा किती पोहोचली ते कळतं. फोन केलेलं मूल वर्षभराने शाळेत जातंय का, झोपतंय का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या आईवडिलांना पुन्हा विचारावं लागेल. आणि त्यांनी उत्तर द्यावं असं वाटत असेल, तर त्यांचा वेळ, खर्च आणि विश्वास यांची तरतूद पहिल्या दिवसापासूनच करावी लागेल.