अंगठ्याला दोष देण्याआधी केबल पाहा

‘अंगठा घेत नाही.’ जिंतूर तालुक्यातल्या बोरीत काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात काय, सेवा केंद्राच्या टेबलासमोर हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नसेल. पीएम किसानची केवायसी असो किंवा निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, सगळं थंब मशीनच्या काचेवर येऊन थांबतं. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, ते म्हाताऱ्या माणसांची पायपीट वाचावी म्हणून. तीच माणसं आज बोट पुसून, खोबरेल लावून, पुन्हा पुन्हा दाबून शेवटी ‘उद्या या’ ऐकतात. दोष बोटावर, नाहीतर सर्व्हरवर टाकला जातो. माझं म्हणणं असं की, निकाल देण्याआधी टेबलाखालची एक्सटेन्शन केबल आणि हब तपासणं हे केंद्रचालकाचं पहिलं काम आहे. ही तपासणी दोन मिनिटांची असते, आणि ती टाळण्याची किंमत दुसराच कुणीतरी रोजगार बुडवून मोजतो.

केबल वरून धडधाकट दिसते, पण आत साधा हिशेब असतो. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून पाच व्होल्टवर जास्तीत जास्त 500 मिलीअँपिअर वीज मिळते. स्वस्त केबलमधली वीजवाहक तार बहुधा 28 गेजची, म्हणजे केसासारखी बारीक असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम भरतो. तीन मीटरच्या केबलमध्ये वीज जाते आणि परत येते, म्हणजे सहा मीटर तार झाली. रोध सव्वा ओहमच्या पुढे गेला. पूर्ण प्रवाह ओढला तर सहा दशांश व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जिरतो आणि दुसऱ्या टोकाला साडेचार व्होल्टही उरत नाहीत. तीच तार 24 गेजची असेल, तर तूट पाव व्होल्टवर येते. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. हा आकडा पुष्कळदा केबलच्या अंगावरच छापलेला असतो. विकत घेताना लांबी विचारतात तसा हाही विचारावा. यूएसबी 2.0 च्या मूळ नियमांत तर साध्या एक्सटेन्शन केबलला परवानगीच नाही, आणि एका केबलची मर्यादा पाच मीटरची आहे.

हबची गोष्ट याहून बिकट. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, तो संगणकाकडून मिळालेले तेच 500 मिलीअँपिअर वाटून देतो. नियमाप्रमाणे 100 स्वतःसाठी आणि चार पोर्टना प्रत्येकी 100. त्याच हबवर थंब मशीन, डोळ्यांचं मशीन, वेबकॅम आणि डिजिटल सहीचं टोकन लावलं की ओढाताण अटळ आहे. त्यातून हब लांब केबलच्या टोकाला असेल, तर दोन्ही दोष एकत्र येतात. मशीनचा दिवा लागतो, ते ओळखलंही जातं, पण ठसा घेण्याच्या ऐन क्षणी जोडणी तुटते. म्हणूनच हा दोष फसवा आहे.

तो पकडायचा कसा? आधी मशीन केबल आणि हबमधून काढून थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावावं. पुढचे पोर्ट आतल्या वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, मागचे थेट बोर्डावरच असतात. तिथे मशीन नीट चाललं, तर ड्रायव्हर आणि बोट दोघेही निर्दोष. मग केबल एकटी, हब एकटा असं पाळीपाळीने लावून पाहावं. थोडा वेळ वापर नसला की मशीन झोपत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’खाली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते, तिची खूण काढावी. पडद्यावर येणारा एरर कोडचा आकडाही वाचावा. 300 आला तर ठसा खरोखर जुळलेला नाही. 720 आला तर मशीनच तयार नव्हतं. हे दोन आकडे वेगळे ओळखले, तरी निम्मा वाद मिटेल.

यावर कुणी म्हणेल, कापूस वेचून आणि खुरपं धरून बोटांच्या रेषाच झिजतात, त्याला केबल काय करणार? हे खरं आहे, आणि अशा माणसाला डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख जिथे चालते तिथे ती द्यायलाच हवी. पण झिजलेलं बोट चांगल्या केबलवरही अडतं आणि अडतं ते त्या एका माणसाचं. रांगेतल्या तरुण मुलाचाही ठसा अधूनमधून गळत असेल, तर दोष बोटाचा नाही. दुसरा आक्षेप असा, की त्याच केबलवर माऊस व्यवस्थित चालतो. माऊसला लागणारी वीज नगण्य असते. तो चालला म्हणून केबल पास होत नाही. सर्व्हर बंद पडतो हेही खोटं नाही, मात्र तेव्हा मशीन ठसा घेतं आणि अडचण पुढे पाठवताना येते. राहिला खर्चाचा प्रश्न. अडॅप्टरचा हब साध्या हबपेक्षा महाग असतो, हे मान्य. परंतु टेबलाची मांडणी बदलून सीपीयू जवळ घेतला तर लांब केबलच लागत नाही, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

केंद्रचालकांना माझी विनंती आहे: थंब मशीन नेहमी मागच्या पोर्टला थेट लावा, हब घ्याल तर अडॅप्टरचा घ्या आणि ‘उद्या या’ म्हणण्याआधी एकदा केबल काढून पाहा. आणि रांगेत उभ्या असलेल्यांनीही संकोच न करता विचारावं, ‘साहेब, मशीन थेट संगणकाला लावून बघता का?’ हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे.