शांत वस्तीचे फसवे आकडे

रात्री अकरानंतर दक्षिण दिल्लीच्या एखाद्या मध्यमवर्गीय वसाहतीत शिरू पाहणाऱ्यास बहुतेक गल्ल्यांची लोखंडी फाटके बंद आढळतात. उघड्या राहिलेल्या एकमेव फाटकापाशी खासगी रक्षक वहीत नाव लिहून घेतो. आत निवासी संघटनेच्या बैठकीत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत असते : आपल्या भागात गुन्हे वाढले आहेत काय? या प्रश्नाला आज आपल्या देशात कोणाकडेही विश्वासार्ह उत्तर नाही. त्याची कारणे पाहिली पाहिजेत.

वस्तीला फाटक घालण्याची रीत नवी नव्हे. शाहजहानाबादचे मोहल्ले आणि अहमदाबादच्या पोळी रात्री दरवाजे लावून घेत. अबुल फजलाच्या ‘आइन-ए-अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये दिली आहेत. त्याने घरांची व रस्त्यांची नोंद ठेवावी, रहिवाशांकडून परस्परसाहाय्याची हमी घ्यावी, प्रत्येक मोहल्ल्यावर प्रमुख नेमावा, आणि चोर व चोरीचा माल शोधावा. न सापडल्यास नुकसानीची जबाबदारी त्याची. हा आदर्श प्रत्यक्षात कितपत उतरला, हा वेगळा प्रश्न. पण त्यामागील तत्त्व स्पष्ट होते. चोरी नागरिकाची झाली, तरी तिचा भार रक्षकावर पडला पाहिजे.

१८६१ च्या पोलीस कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत हे नाते हळूहळू उलटे झाले. ठाण्याचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून होऊ लागले. जिल्ह्यात असताना मासिक गुन्हे आढाव्याच्या कितीतरी बैठकांना मी बसलो आहे. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करणारा तक्ता समोर येई. आकडा वाढला असेल, त्या ठाणेदाराला उभे राहून खुलासा द्यावा लागे. घटला असेल, त्याला कोणी काही विचारत नसे. अशा बैठकीतून परतणारा अधिकारी पुढच्या महिन्यात काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. चोरीची फिर्याद घेऊन आलेल्याला ‘वस्तू हरवली’ असा अर्ज लिहून दिला जातो आणि तक्ता सुधारतो. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही गुन्हे न नोंदवण्याच्या या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते.

म्हणूनच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातील क्रमवारी वाचताना सावध राहावे लागते. केरळचा गुन्हेदर वर्षानुवर्षे देशातील सर्वांत वरच्या राज्यांत असतो, तर नागालँडचा तळाशी. केरळ असुरक्षित आहे, असे यावरून कोणी म्हणणार नाही. तेथे नागरिक ठाण्यात जातात आणि ठाणे त्यांची नोंद घेते. नागालँडमध्ये अनेक तंटे ग्रामसभेत परंपरेने मिटतात. नोंदणीतील वाढ म्हणजे गुन्ह्यांतील वाढ नव्हे, असा इशारा खुद्द या विभागानेच दिलेला आहे. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक अपराध असले, तरी मोजला जातो तो त्यांतील सर्वांत गंभीर; आणि लाखामागील दर काढण्यासाठी धरलेली लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेवरून अंदाजलेली आहे.

‘ललिता कुमारी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही ठाण्यात, तसेच इलेक्ट्रॉनिक मार्गानेही, खबर देण्याची मुभा दिली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्याच संहितेच्या परिशिष्टात एक बदल फारसा चर्चेत न येता होऊन गेला. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची, प्रथमच दोषी ठरणाऱ्याने केलेली व मालाची भरपाई झालेली चोरी आता अदखलपात्र गणली आहे. पूर्वी चोरी, मग ती कितीही लहान असो, दखलपात्र होती.

क्षुल्लक प्रकरणांनी न्यायालये तुंबू नयेत आणि पहिल्यांदा चुकलेल्याला समाजसेवेची शिक्षा देऊन सुधारण्याची संधी मिळावी, हा हेतू चांगला आहे. अडचण ठाण्याच्या दारात आहे. फिर्याद आली, त्या क्षणी चोर कोण, तो पूर्वी दोषी ठरला होता काय, तो भरपाई देईल काय, यांतले काहीच ठाऊक नसते. ठाऊक असते ती फक्त किंमत. तेव्हा किंमत पाहूनच फिर्याद परत पाठवण्याचा मोह होणार. फाटकाच्या आत राहणाऱ्याची मोटार आणि दागिने ही मर्यादा सहज ओलांडतात. त्याच वसाहतीत धुणीभांडी करून शेजारच्या दाट वस्तीत परतणाऱ्या बाईचा जुना मोबाईल किंवा डब्यात साठवलेले चार हजार रुपये ती ओलांडत नाहीत. तिच्या लेखी ती महिन्याभराच्या संसाराची चोरी असते. वसाहतीत काही हरवले, तर पहिला संशय मात्र तिच्यावरच येतो; तिचे ओळखपत्र ठाण्यात जमा असते, तिची फिर्याद नसते. पुढील अहवालांत चोरीचे आकडे घटलेले दिसले, तर त्यांतील किती घट खरी आणि किती या किंमतमर्यादेची, हे कोणी सांगू शकणार नाही.

उपाय अवघड नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८० च्या दशकापासून घरोघरी जाऊन नागरिकांनाच विचारले जाते : गेल्या वर्षात तुमच्याबाबत गुन्हा घडला काय, आणि तुम्ही तो नोंदवला काय? आपल्याकडे महानगरांत खासगी संस्थांनी केलेल्या अशा पाहण्यांतून, चोरीच्या दहा घटनांपैकी एकीचाही एफआयआर होत नसल्याचे चित्र पुढे आले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने अशी पाहणी नियमित व प्रभागनिहाय करावी. ठाण्याचे मूल्यमापन गुन्ह्यांच्या संख्येवर न करता, फिर्यादी समाधानाने परतला काय आणि तपास पूर्ण झाला काय, यांवर करावे. तपास व कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी ‘प्रकाश सिंह’ निकालाने २००६ मध्येच सांगितली आहे. ती कागदावरून ठाण्यात उतरावी. आणि मूल्य कितीही असो, चोरीची प्रत्येक खबर क्रमांकासह नोंदवून तिची प्रत फिर्यादीच्या हाती द्यावी.

फाटके असू द्यावीत; भीती खोटी नसते. पण ज्या वस्तीत आतल्याची चोरी नोंदली जाते आणि बाहेरचीची नाही, तिला सुरक्षित म्हणणे म्हणजे तक्ता सुधारून घेणेच होय.